दुपारी चुकणारं गणित

ते पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले तेव्हा तक्रार करायला आलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. रायपुरात तेलीबांध्याला, तलावाच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, आमच्या दोन खोल्या आहेत. ते जिना चढून आले, जरा दम घेतला, पाणी प्याले आणि हिंदीत विचारलं की एकाच मशीनवर एकच गणित दोनदा केलं तर उत्तर दोन्ही वेळा तेच यायला हवं की नाही. मी म्हटलं, यायलाच हवं. त्यावर ते म्हणाले की मग बिघाड एकतर मशीनमध्ये आहे किंवा त्यांच्यात, आणि कुठे आहे ते अजून ठरलेलं नाही.

तेवढ्यात मला आईचा फोन आला. मी तिला सांगितलं की तू जेवून घे, मी बसले आहे कामात. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. "मराठी हायेस तू?" त्यांनी विचारलं. "मग हिंदीत काहून बोलून राहिलो आपण?" तिथून मी त्यांना काका म्हणायला लागले.

काका वर्धेकडचे. नोकरीची सगळी वर्षं पोलादाच्या कारखान्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर रायपूरलगतच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या रोलिंग मिलना सल्ला द्यायचं काम करत होते. रोलिंग मिलमध्ये पोलादाच्या जाड चौकोनी कांड्या येतात, त्यांना बिलेट म्हणतात. त्या भट्टीत लालभडक तापवायच्या आणि रोलरमधून दाबून त्यांच्या सळ्या काढायच्या. बिलेट आतपर्यंत तापलं नाही तर रोलर फुटतो, जास्त तापलं तर लोखंडाचा थर जळून जातो आणि भट्टीत जळणारं तेलही वाया जातं. कोणतं बिलेट किती वेळ भट्टीत ठेवायचं, याचं गणित काकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर व्हायचं. तो प्रोग्रॅम त्यांनी नोकरीत असतानाच लिहायला घेतला होता आणि तेव्हापासून घासूनपुसून वापरत होते. गेल्या वर्षी मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी तो घरच्या जुन्या कंप्युटरवरून आमच्या भाड्याच्या मशीनवर आणला होता.

आमचा धंदाच तो. शहराबाहेर नवा रायपूर नावाची नवी वसाहत आहे, तिथल्या एका इमारतीत आमचे मोठे सर्व्हर ठेवलेले आहेत. प्रत्येक सर्व्हरवर अनेक मशीनं चालतात, पण ती खरी नसतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं की हे अख्खं मशीन आपलंच; खरं म्हणजे एकच प्रोसेसर आळीपाळीनं सगळ्यांची कामं करत असतो. खऱ्या मशीनला आम्ही होस्ट म्हणतो, आतल्या मशीनांना गेस्ट. यजमान आणि पाहुणे. कोणत्या पाहुण्याला कधी उठवायचं, कधी बसवायचं, हे यजमानाचं सॉफ्टवेअर ठरवतं. मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघं मिळून हे चालवतो. तो बिलासपूरकडचा, माझ्याहून मोठा, मी त्याला भैया म्हणते.

काकांची तक्रार अशी होती की तेच आकडे भरून तोच प्रोग्रॅम चालवला तर कधीकधी उत्तर वेगळं येतं. कधी थोडं, कधी हास्यास्पद. एकदा तर भट्टीतून निघालेलं बिलेट बर्फाहून गार असल्याचं उत्तर आलं. मी विचारलं, कधी येतं असं? "दुपारी," ते म्हणाले. "सकाळी नाई चुकत. जेवण झाल्यावर चुकतं."

भैयानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि अदबीनं सांगितलं की प्रोग्रॅम जुना आहे, एकदा तपासून घ्या. काकांनी मान हलवली. हे त्यांनी आधीही ऐकलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो नवा रायपुरात सरकारी खात्यात आहे. मी मराठीत बोलले, तो हिंदीत उत्तरं देत राहिला. इथल्या बहुतेक मराठी घरांत नव्या पिढीचं असंच चालतं. तो वैतागलेला नव्हता, उलट संकोचानं बोलत होता. पापा हल्ली विसरतात, म्हणाला. स्कूटरची चावी फ्रिजमध्ये सापडते. शेजाऱ्याला दोनदा एकच गोष्ट सांगतात. आता हे गणिताचं. दुपारी जेवून बसतात, डोळे जड होतात, काहीतरी चुकीचं भरत असतील. मिलवाल्यांसमोर फजिती व्हायच्या आधी त्यांनी काम सोडावं असं घरात सगळ्यांना वाटतं आहे. तुम्ही फक्त मशीन ठीक आहे एवढं त्यांना सांगा, तुमचं ते ऐकतील.

मी बघते म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र मला काकांच्या विसरण्यापेक्षा त्या दुपारचं नवल वाटत राहिलं. माणूस दुपारी पेंगतो हे खरं. पण पेंगणारा माणूस आकडा चुकीचा भरेल, आणि भरलेला आकडा पडद्यावर दिसतो. काका म्हणत होते की आकडे तेच असतात, उत्तर तेवढं बदलतं. हे खरं असेल तर डोळे जड होण्याशी त्याचा संबंध नव्हता. मी त्यांना फोन करून सांगितलं की सकाळी ऑफिसात या आणि माझ्यासमोर चालवा.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, परीक्षेला आल्यासारखे. माझ्या शेजारी बसून त्यांनी आकडे भरले आणि प्रोग्रॅम चालवला. परत चालवला. तेच उत्तर. दुपारपर्यंत कितीतरी वेळा चालवला, दर वेळी तेच. ते अवघडत गेले. शेवटी म्हणाले की मी तुझा वेळ वाया घालवला, मी निघतो. मी त्यांना जेवायला थांबवलं. माझ्या डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं, त्यांच्या डब्यात पोळी आणि चवळीची भाजी. आम्ही वाटून खाल्लं. त्यांच्या भागातली वांगी कशी असतात यावर ते बराच वेळ बोलले आणि जरा सैल झाले.

जेवणानंतर मी त्यांना कीबोर्डला हात लावू दिला नाही. सकाळी त्यांनी भरलेले आकडे तसेच होते, मी फक्त पुन्हा चालवण्याची कळ दाबत राहिले. तेच उत्तर, तेच उत्तर, आणि मग अचानक वेगळं. बिलेट अर्ध्या वेळातच तापलं, असं मशीन म्हणत होतं. मी परत कळ दाबली. पुन्हा बरोबर उत्तर.

काकांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

"तुले बी दिसलं ना?" त्यांनी विचारलं.

"दिसलं काका," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. मीही पडद्याकडेच बघत राहिले, त्यांच्याकडे बघणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर ते रोजच येऊ लागले. यायची गरज नव्हती, पण मला त्यांची सोबत आवडायला लागली होती आणि त्यांना या प्रकरणाचा छडा लागल्याशिवाय चैन पडत नव्हती. आम्ही एकेक शक्यता बाजूला काढत गेलो. प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर दिवसभर चालवला, चूक नाही. एका रिकाम्या सर्व्हरवर चालवला, चूक नाही. मेमरी तपासली, ठणठणीत निघाली. मूळ सर्व्हरवर मात्र दुपार झाली की चूक यायची, आणि रविवारी अजिबात यायची नाही. रविवारी का नाही, हे आम्हाला दोघांनाही कळेना. काका म्हणाले, "रविवारी मी बी जेवतोच ना." आणि पहिल्यांदा मोकळे हसले.

मला संशय आला तो दशांशाच्या आकड्यांचा. प्रोसेसरच्या आत काही मोजक्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. हा शब्द ऐकून काकांनी विचारलं की हजेरीचं असतं तसं का. तसं नाही. गणित चालू असताना आकडा हातात धरावा लागतो, ती हाताची ओंजळ म्हणजे रजिस्टर. पूर्ण आकड्यांसाठी वेगळी रजिस्टरं आणि दशांशाच्या आकड्यांसाठी वेगळी. या दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांना फ्लोटिंग पॉइंट म्हणतात, कारण त्यांतलं दशांशचिन्ह एका जागी खिळलेलं नसतं, आकड्याच्या लहानमोठेपणाप्रमाणे सरकतं. भट्टीचं सगळं गणित याच आकड्यांवर चालतं. काकांच्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण आकडे कधी चुकत नव्हते. बिलेट किती, थर किती, ते दर वेळी बरोबर. बिघडायचं ते दशांशाचं.

म्हणून मी एक छोटा पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला. काकांच्याच मशीनवर बसून तो दशांशाच्या सगळ्या रजिस्टरांत एक ठरलेला आकडा भरायचा आणि नंतर दुसरं काहीही न करता सारखा बघत राहायचा की तो आकडा तिथे आहे ना. बदलला तर जे सापडलं ते पडद्यावर टाकायचं. याहून सोपा प्रोग्रॅम नसेल. जिथे कोणी काही बदलतच नाही तिथे काही बदलायचं कारणच नव्हतं.

दुपारी पडद्यावर ओळी उमटल्या.

एकवीस पूर्णांक काहीतरी, आणि त्याच्या शेजारी एक्क्याऐंशी पूर्णांक काहीतरी. थोड्या वेळानं पुन्हा तीच जोडी, दशांशानंतरचे शेवटचे अंक जरा बदललेले. आम्ही दोघं खुर्च्या पुढे ओढून बसलो. हे आकडे माझ्या प्रोग्रॅमचे नव्हते. काकांच्या भट्टीचेही नव्हते. भट्टीत हजाराच्या खालची गोष्टच नाही.

काका म्हणाले, हवामान असेल. एकवीस अंश तापमान, एक्क्याऐंशी टक्के दमटपणा. मला ते पटलं होतं, पण मी खिडकीबाहेर बघितलं. मार्च संपत आला होता, रस्त्यावरचं डांबर चमकत होतं. एकवीस अंश कुठलं, आणि एक्क्याऐंशी टक्के तर मुळीच नाही.

मग मला आमच्या ऑफिसचा पत्ता आठवला. गिऱ्हाइकांना जागा सापडत नाही म्हणून मी आमच्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनमध्ये लिहून ठेवले होते. ते एकवीसनं सुरू होतात, आणि रेखांश एक्क्याऐंशीनं. मी पडद्यावरची जोडी फोनच्या नकाशात भरली. ठिपका शहराच्या उत्तरेला जाऊन बसला. मी नकाशा मोठा केला आणि फोन काकांच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. "हे उरला हाये," ते म्हणाले. "हा रस्ता मी रोज पाहतो. हा त्या मिलचा गेट."

आम्ही पुढची जोडी भरली. ठिपका गेटपासून पुढे सरकला. त्याच्या पुढची भरली, वळणावर. कोणीतरी उरल्यातून निघालं होतं आणि हायवेच्या दिशेनं चाललं होतं. काकांच्या भट्टीसाठी राखलेल्या जागेत आम्हाला एक ट्रक दिसत होता. मी वीस वर्षं कंप्युटरच्या कामात आहे. एवढं नवल मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही. भीती वाटायला हवी होती हे थोड्या वेळानं लक्षात आलं.

काकांना आणखी बघायचं होतं. ट्रक बिलासपूरच्या रस्त्यावरच्या सिमगा गावाकडे वळतो की दुसरीकडे, यावर त्यांनी मनातल्या मनात पैजही लावलेली असावी. मी पहारेकरी बंद केला.

"काहून बंद केलं?" त्यांनी विचारलं.

"हे आपलं नाही काका. दुसऱ्या कोणाचं तरी आहे. आपल्याला ते दिसतंय हीच चूक आहे."

ते म्हणाले की मग माझं बी कोणाले तरी दिसत असेल. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

भैया आतल्या खोलीत होता. मी त्याला बोलावलं आणि छापून घेतलेल्या ओळी दाखवल्या. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, आणि मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला. त्या सर्व्हरवर आणखी कोण पाहुणे आहेत ते त्यानं काढलं. त्यांत मालवाहतुकीची एक कंपनी होती. त्यांच्या ट्रकांत बसवलेली यंत्रं थोड्याथोड्या वेळानं आपली जागा कळवायची आणि त्यांचा प्रोग्रॅम सगळे ट्रक नकाशावर मांडायचा. उरल्यातल्या मिलमध्ये माल भरून ट्रक निघायची वेळ दुपारची. रविवारी भरणं बंद.

त्या कंपनीचं हे काम बघणाऱ्या दीदींना मी फोन केला. आधी एकच गोष्ट विचारली: तुमच्या नकाशावर कधी एखादा ट्रक नाहीसा होतो का? त्या म्हणाल्या, हो, होतो. दुपारी एखादा ट्रक क्षणभर जातो आणि परत येतो. आम्ही टॉवरची अडचण समजत होतो. पण तुम्ही का विचारता? मी विचारलं की ट्रक नाहीसा होतो त्या वेळची नोंद तुमच्याकडे राहते का. त्यांनी बघून सांगितलं, आणि आवाजात हसू होतं, की त्या वेळी ट्रकाचा अक्षांश अकराशे काहीतरी आलेला दिसतो. पृथ्वीवर नव्वदाच्या पुढे अक्षांश नाही, म्हणून आमचा प्रोग्रॅम असा आकडा फेकून देतो.

अकराशे काहीतरी म्हणजे काकांचं बिलेट. ट्रकच्या जागी त्याचं तापमान जाऊन बसलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा हसू थांबलं. त्यांनी विचारलं की हे किती दिवसांपासून चालू आहे, आणि मला खरं उत्तर माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

मूळ सापडायला त्यानंतर फारसा वेळ लागला नाही, कारण कुठे बघायचं ते आता कळलं होतं. यजमान एका पाहुण्याचं काम थांबवून दुसऱ्याचं सुरू करतो तेव्हा पहिल्याच्या हातातले सगळे आकडे उचलून जपून ठेवायचे असतात आणि दुसऱ्याचे मांडायचे असतात. दशांशाची रजिस्टरं पुष्कळ आणि मोठी, उचलायला वेळ लागतो. बरेच पाहुणे दशांशाला हातही लावत नाहीत. म्हणून पूर्वीपासून एक युक्ती आहे: ते आकडे तसेच राहू द्यायचे, दारावर घंटा बांधून ठेवायची, आणि नव्या पाहुण्यानं त्यांना हात लावला की घंटा वाजेल तेव्हाच उचलाउचल करायची. या पद्धतीला आमच्याकडे आळशी पद्धत म्हणतात. आता ती कोणी फारशी वापरत नाही. पण ज्यांनी आमचं यजमान सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं त्यांनी वेग वाढावा म्हणून ती चालू ठेवली होती आणि वर स्वतःची भर घातली होती. त्या भरीत एक खोट होती. गर्दी झाली की यजमान एखाद्या पाहुण्याला प्रोसेसरच्या एका भागातून उचलून दुसऱ्या भागात बसवतो. तेव्हा त्याची नोंद मात्र जुनीच राहायची: याचे आकडे मांडलेले आहेत, घंटा नको. प्रत्यक्षात नव्या जागी आकडे असायचे आधी बसलेल्याचे.

काकांना हे मी कागदावर चौकोन काढून समजावलं. त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा स्वतः चौकोन काढून मला सांगितलं, आणि ते बरोबर होतं. मग म्हणाले, म्हणजे घंटा वाजवणाऱ्याचा दोष नाई, घंटा बांधणाऱ्याचा हाये.

आम्ही आळशी पद्धत काढून टाकली. आता पाहुणा बदलला की आकडे लगेच उचलले जातात, हात लावो न लावो. भैयाला वाटत होतं की मशीनं मंदावतील; नव्या प्रोसेसरांत या कामाची सोय इतकी चांगली असते की कोणाला फरक कळलाही नाही. मग आम्ही त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जे घडलं ते कळवलं. भैया आणि मी त्यावर बरंच बोललो होतो. न कळवता चाललं असतं, कोणालाच समजलं नसतं. कळवल्यावर मालवाहतुकीची कंपनी महिनाभरात दुसरीकडे गेली, आणखीही काही गेले. दीदींनी जाताना फोन केला आणि चांगलं बोलल्या, पण गेल्या.

सगळं निस्तरल्यावर काकांनी मला विचारलं की घरी येशील का. मी येते म्हटलं. ते म्हणाले, "मी सांगितलं त खरं नाई वाटणार. तू सांग."

ते जुन्या वस्तीत राहतात, जिथे मराठी पाट्या अजून दोनचार दारांवर टिकून आहेत. काकूंनी पोहे केले होते. मुलगा शनिवार असल्यानं घरीच होता. मी सुरुवातीपासून सांगितलं: दुपार, रविवार, ट्रक, अकराशेचा अक्षांश. तो लक्ष देऊन ऐकत होता. ट्रक आला तेव्हा तो पुढे वाकला आणि त्यानं बरेच प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. मला जाणवलं की ही उत्सुकता त्याला कुठून मिळाली ते उघड आहे. शेवटी तो वडिलांकडे वळला आणि मराठीत, जरा अडखळत, म्हणाला, "बाबा, मी तुमचं आधी ऐकायला पाहिजे होतं."

काकू आत गेल्या. मला वाटलं आता काका काहीतरी लागेल असं बोलतील, इतके दिवस साठलेलं. ते पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "पण चाव्या मीच ठेवल्या फ्रिजमध्ये. थे मशीनवर नको टाकू."

पुढच्या आठवड्यात ते आपण होऊन मुलाबरोबर डॉक्टरकडे गेले. याआधी तो विषय काढला की ते ताटावरून उठायचे. डॉक्टरनं तपासून सांगितलं की वयाप्रमाणे आहे, काळजीचं आज काही नाही, वर्षानं पुन्हा दाखवा. काकांनी काम चालू ठेवलं. फक्त प्रोग्रॅममध्ये एक बदल केला: प्रत्येक गणित आता तो दोनदा करतो आणि उत्तरं जुळली तरच दाखवतो. मी जरा दुखावून विचारलं की आता कशाला. ते म्हणाले की हे तुझ्या मशीनसाठी नाही, माझ्यासाठी आहे. मला बरं वाटतं.

एक प्रश्न मात्र त्यांना सुटला नव्हता, आणि तो ते मला अधूनमधून फोन करून विचारत. यजमानानं थांबवून ठेवलेल्या पाहुण्याला स्वतःला कळतं का की आपण मध्ये थांबलो होतो? मी सांगितलं, नाही कळत. त्याच्या दृष्टीनं एक ओळ झाली की लगेच दुसरी. घड्याळाकडे बघितलं तर संशय येऊ शकतो, एवढंच.

यंदा त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि मी आत येताच बोलायला लागले. भूल द्यायच्या वेळी त्यांनी प्रयोग केला होता. लहानपणी शाळेत पाठ केलेली दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, ते मोठ्यानं म्हणायला लागले: एक दिडके दीड, बे दिडके तीन. कुठवर पोचतो ते लक्षात ठेवायचं, आणि शुद्धीवर आल्याबरोबर तिथूनच पुढे म्हणायचं, मध्ये काही जाणवतं का ते पाहायचं.

"मग? जाणवलं काही?" मी विचारलं.

"सात दिडके साडेदहा झालं, आन् आठ दिडके बारा म्हणलो. मध्ये काहीच नाई. मले वाटलं अजून ऑपरेशन सुरूच नाई झालं." त्यांनी आवाज खाली आणला. "पण नर्स म्हणे, बाबूजी, आप तो उठकर पहाड़ा बिल्कुल शुरू से बोल रहे थे."

काकू खिडकीपाशी मोसंबं सोलत होत्या. काकांचं खरं की नर्सचं, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या की त्या तेव्हा बाहेर बाकावर होत्या, त्यांनी काही ऐकलं नाही.